चिल्ला, छट्टी आणि बाळंतिणीचा विटाळ

दख्खनचे जाफर शरीफ यांनी मुसलमानांच्या चालीरीतींची जी माहिती लिहून काढली, तिचा हर्क्लॉट्स यांनी केलेला इंग्रजी अनुवाद ‘कानून-ए-इस्लाम’ या नावाने १८३२ मध्ये लंडनला प्रसिद्ध झाला. ग्रंथाचा आरंभच गर्भारपण व जन्म यांपासून होतो, ही बाब अभ्यासकांच्या नजरेतून सहसा निसटते. सातव्या महिन्यातील सतवांसा, छट्टी, चिल्ला, अकीका हा सारा क्रम त्यात येतो.

या विधींची कुळे मात्र वेगवेगळी आहेत. नवजाताच्या कानात अजान आणि अकीका यांना धार्मिक परंपरेचा आधार आहे. छट्टी मूळची इथल्या मातीतली; शब्दच षष्ठीवरून आलेला. शेजारच्या मराठी घरात पाचव्या-सहाव्या दिवशी सटवाई पुजली जाते, त्याच सुमारास मुस्लिम घरात छट्टीचे न्हाण होते. शेजारधर्म असा बाळंतिणीच्या खोलीपर्यंत पोहोचला होता.

खरा प्रश्न चिल्ल्याचा आहे. हनफी फिकहनुसार निफासची कमाल मुदत ४० दिवस. शाफई मतानुसार, म्हणजे कोकणी मुसलमान ज्या मताचे आहेत त्यानुसार, ६० दिवस. किमान मुदत ठरलेली नाही. रक्तस्राव लवकर थांबला तर स्त्रीने गुस्ल करून नमाज सुरू करावी, असा दंडक आहे. रूढीने मात्र कमाल मर्यादेचीच सक्तीची मुदत केली. त्या दिवसांतील विसावा, शेक-शेगडी, सकस आहार बाळंतिणीच्या हिताचाच; परंतु वेगळी भांडी आणि शिवाशिव यांना फिकहमध्ये कुठेही आधार सापडत नाही. तो शेजारच्या सोयराचा संस्कार होय.

विसाव्या शतकाच्या प्रारंभी मौलाना अशरफ अली थानवी यांनी ‘बहिश्ती जेवर’मध्ये नेमक्या याच रूढीवर टीका केली. बाळंतिणीने हात लावलेले भांडे घासल्याशिवाय न वापरणे त्यांना निरर्थक वाटते, आणि चाळीस दिवस नमाज सोडण्यालाही त्यांचा आक्षेप आहे. मुद्दा रास्तच. मात्र तो मांडताना ते उपमा देतात ती सफाई करणाऱ्या स्त्रीची. बाळंतिणीवरचा विटाळ पुसला गेला. विटाळाची कल्पना जागच्या जागी राहिली.

याचा भार पडला सुईणीवर. नाळ कापणे हे हलके काम मानले गेल्याने ते बहुधा दलित व गरीब स्त्रियांकडेच होते. १८८५ मध्ये डफरिन फंड स्थापन झाला, पुढे १९०३ मध्ये लेडी कर्झन यांच्या पुढाकाराने दायांच्या प्रशिक्षणासाठी व्हिक्टोरिया मेमोरियल शिष्यवृत्ती निधी उभा राहिला. पडद्यातील स्त्रीला स्त्री डॉक्टर हवी, हे सरकारने मान्य केले, ही मोठीच गोष्ट. परंतु सुईण त्या योजनांत आली ती अज्ञान आणि अस्वच्छतेचे उदाहरण म्हणून. मौलवींची उपमा आणि सरकारी योजना यांचे सूर भिन्न असले, तरी जिच्या हातात मूल प्रथम येत होते तिच्याकडे पाहण्याची दोघांची नजर फारशी वेगळी नव्हती.