उपसंहार (समीक्षात्मक निबंधातील)

साहित्यकृतीविषयी मांडलेले प्रमेय, त्याच्या पुष्ट्यर्थ दिलेले कृतीतील दाखले आणि त्यांवरील भाष्य हे सर्व झाल्यावर निबंधकार ज्या भागात त्या प्रमेयाचे सिद्ध स्वरूप वाचकापुढे ठेवतो, त्यास उपसंहार किंवा समारोप म्हणतात. पूर्वी सांगितलेलेच थोडक्यात पुन्हा सांगणे म्हणजे उपसंहार, ही शाळांतून रूढ झालेली कल्पना अपुरी आहे. ‘सारांश’ अथवा ‘अशा रीतीने’ म्हणून सुरू होणारे बहुतेक समारोप न वाचले तरी वाचकाचे काही बिघडत नाही, हे तिचेच फळ होय.

या पुनरुक्तीचे मूळ वक्तृत्वात आहे. अ‍ॅरिस्टॉटलने वक्तृत्वशास्त्रावरील आपल्या ग्रंथाच्या अखेरीस भाषणाच्या समारोपाची चार कार्ये सांगितली आहेत: श्रोत्यास स्वतःस अनुकूल व प्रतिपक्षास प्रतिकूल करणे, प्रस्तुत गोष्टींचे महत्त्व वाढविणे वा घटविणे, भावना चेतविणे आणि मुद्द्यांचे स्मरण देणे. न्यायसभेत कैफियत ऐकणाऱ्यास मागचे वाक्य पुन्हा ऐकता येत नसल्याने हे स्मरण अवश्य होते. निबंधाच्या वाचकास मात्र पान उलटून मागे जाता येते, म्हणून चारांपैकी नेमके हेच कार्य त्याच्या सर्वांत कमी उपयोगाचे.

आपल्या शास्त्रपरंपरेतील विचार येथे अधिक उपयोगी पडतो. न्यायदर्शनाच्या पंचावयवी अनुमानात प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण व उपनय यांनंतर निगमन येते. ते प्रतिज्ञेसारखेच दिसत असले तरी प्रतिज्ञेत जे केवळ साध्य होते, ते निगमनात हेतूच्या बळावर सिद्ध झालेले असते. मीमांसकांनीही ग्रंथाचे तात्पर्य ठरविताना उपक्रम व उपसंहार यांची संगती प्रथम पाहण्यास सांगितले आहे. युद्धास पराङ्मुख झालेल्या अर्जुनापासून आरंभ आणि युद्धास सिद्ध झालेल्या अर्जुनापाशी शेवट, या संगतीचा आधार घेऊनच लोकमान्य टिळकांनी ‘गीतारहस्या’त (१९१५) गीतेचे तात्पर्य कर्मयोगपर ठरविले, त्या ग्रंथाच्या पंधराव्या प्रकरणाचे नावही ‘उपसंहार’ असेच आहे.

प्रत्यक्ष लेखनात प्रमेय असे सिद्ध रूपात शेवटी कसे येते, ते पाहण्यास हरि नारायण आपट्यांची ‘पण लक्षांत कोण घेतो!’ ही ‘करमणूक’ पत्रातून १८९० पासून क्रमशः आलेली कादंबरी सोयीची आहे. नायिका यमूच्या आत्मकथनाच्या योजनेमुळे लेखकास सुधारणेचा उपदेश वेगळा करावा लागत नाही, असे प्रमेय घेतले आणि शेवटी हरिभाऊंच्या थोरवीचे व विधवांच्या हालांचे वर्णन केले, तर त्यातील पहिली गोष्ट निबंधात सिद्ध झालेली नसते आणि दुसरी वाचकास आधीच ठाऊक असते. त्याऐवजी, बाल्यापासून यमूचा आवाज ऐकत आलेल्या वाचकास केशवपनाचा प्रसंग सामाजिक प्रश्न म्हणून नव्हे, तर ओळखीच्या माणसावरील जुलूम म्हणून भिडतो, हे निबंधात दाखविले असेल, तर समारोपात असे म्हणता येते की, ‘सुधारक’ पत्रातून (१८८८) आगरकर जे युक्तिवादाने पटवीत होते, त्याचा अनुभव या कादंबरीने वादाचा शब्द न काढता दिला. आगरकरांचा उल्लेख येथे नवा असला तरी नवा पुरावा नव्हे. सिद्ध झालेल्या गोष्टीचे वजन तो केवळ दाखवितो. ज्यासाठी आणखी दाखले लागतील असे विधान मात्र निबंधाच्या मध्यभागी न्यावे, किंवा गाळावे. ‘कदाचित’, ‘आमच्या अल्पमतीप्रमाणे’ अशी माघारही येथे शोभत नाही. शंका खरी असेल तर ती विवेचनातच यावयास हवी होती.

ललित निबंधास हे नियम जसेच्या तसे लावणे अरसिकपणाचे ठरेल, कारण तेथे सिद्ध करावयाचे प्रमेयच बहुधा नसते. इरावती कर्वे यांच्या ‘परिपूर्ती’त सभेत मोठ्या नात्यांनी करून दिलेला परिचय लेखिकेस अपुरा वाटतो, आणि पुढे रस्त्यावरील मुले तिला आपल्या वर्गातील मुलाची आई म्हणून ओळखतात तेव्हा तो पुरा होतो, समीक्षकास जे वाक्य लिहावे लागले असते, ते येथे एका पोराच्या तोंडून आले आहे. समीक्षेत असा प्रसंग शेवटी योजण्याचा मोह अनेकांस होतो व तो सहसा फसतो. उपसंहाराच्या विस्ताराविषयी निश्चित प्रमाण नाही. चार-पाच पानांच्या निबंधास एक परिच्छेद पुरतो, आणि दीर्घ प्रबंधास स्वतंत्र प्रकरणही लागते.