धुराचा हिशेब : अमेरिकी पिकअपमधील जुने आणि नवे डिझेल इंजिन

१/ १९८९च्या मॉडेलपासून अमेरिकेतील डॉज रॅम पिकअपमध्ये कमिन्सचे ५.९ लिटरचे डिझेल इंजिन मिळू लागले. शक्ती अवघी १६० अश्वशक्ती. टॉर्क मात्र ४०० पाउंड-फूट. जड ट्रेलर ओढणाऱ्या शेतकऱ्यांना आणि कंत्राटदारांना नेमके हेच हवे होते.

२/ त्याची कीर्ती साधेपणामुळे पसरली. इंधनपंप यांत्रिक, संगणक नाही, सेन्सरांचे जाळे नाही. हाती पाना असलेल्या माणसाला ते उघडता येई आणि उमगतही असे. ‘जुने ते सोने’ ही भावना तिथे आजही टिकून आहे, ती यामुळेच.

३/ या साधेपणाची दुसरी बाजू सायलेन्सरमधून बाहेर पडत होती. डिझेलची सूक्ष्म काजळी फुप्फुसांत खोलवर जाते. २०१२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने डिझेलचा धूर कर्करोगकारक असल्याचे जाहीर केले.

४/ कायदा त्याआधीच कडक होत गेला होता. अवजड वाहनांच्या डिझेल इंजिनांसाठी काजळीची मर्यादा १९८८ मध्ये प्रति अश्वशक्ती-तास ०.६० ग्रॅम होती. २००७ मध्ये ती ०.०१ झाली, म्हणजे साठाव्या हिश्श्यावर आली. २००६ पासून डिझेलमधील गंधकही दशलक्ष भागांत ५०० वरून १५ भागांवर आणले गेले, कारण गंधकाने शुद्धीकरणाची यंत्रणा निकामी होते.

५/ म्हणून इंजिन बदलले. २००१च्या ड्युरामॅक्सने पिकअपमध्ये कॉमन रेल आणली : सुमारे १६०० बार दाबाखालील इंधन, संगणकाच्या हुकमाने. पुढे काजळीचा फिल्टर आला आणि नायट्रोजन ऑक्साइडे कमी करणारे युरियाचे द्रावणही.

६/ शक्ती घटली नाही. २०१९ मध्ये कमिन्सच्या ६.७ लिटर इंजिनाने १००० पाउंड-फूट टॉर्क गाठला. वाढली ती गुंतागुंत, आणि तिच्यासोबत दुरुस्तीचा खर्च.

७/ अनेक मालकांनी मग ही यंत्रणाच काढून टाकली. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या २०२०च्या अहवालानुसार दशकभरात साडेपाच लाखांहून अधिक डिझेल पिकअपमध्ये असे बेकायदा फेरफार झाले. त्यातून होणारे जादा प्रदूषण रस्त्यावर ९० लाखांहून अधिक नियमबद्ध पिकअप नव्याने उतरवण्याइतके होते.

८/ नव्या इंजिनाच्या खर्चाविषयीची तक्रार खोटी नाही. परंतु जुने इंजिन स्वस्त भासे, कारण त्याच्या धुराची पावती मालकाच्या नावाने कधी फाटलीच नाही. ती रस्त्यालगत राहणाऱ्यांच्या नावाने फाटत राहिली.