प्रेक्षकमत आणि ऐतिहासिक पुरावा : ‘नेताजी सुभाषचंद्र बोस : द फॉरगॉटन हिरो’ या चित्रपटाच्या संदर्भात

ऐतिहासिक चित्रपटाविषयी प्रेक्षक जे मत देतात ते पुष्कळदा चित्रपटापेक्षा मनात आधीच वसलेल्या प्रतिमेविषयी असते. श्याम बेनेगल यांचा मे २००५ मध्ये प्रदर्शित झालेला प्रस्तुत चित्रपट हे याचे बोलके उदाहरण होय. १९४१ ते १९४५ या युद्धकाळातील नेताजींची भूमिका त्यात मराठी अभिनेते सचिन खेडेकर यांनी साकारली. त्यावर, विशेषतः बंगालमध्ये, आक्षेप आले ते मुख्यतः दोन बाबींवर : एमिली शेंकल यांच्याशी झालेला विवाह आणि ऑगस्ट १९४५ मधील विमान अपघात.

हे दोन्ही आक्षेप सारख्याच तोलाचे मानता येणार नाहीत. नेताजींनी ८ फेब्रुवारी १९४३ रोजी बंधू शरदचंद्र यांना लिहिलेल्या पत्रात आपल्या विवाहाचा व कन्येचा उल्लेख आहे. १९४८ मध्ये शरदचंद्रांनी व्हिएन्ना येथे या मायलेकींची भेटही घेतली. येथे विरोध होता तो पुराव्याच्या आधारे नव्हे, तर ब्रह्मचारी योद्ध्याच्या प्रतिमेपोटी. मृत्यूचा प्रश्न मात्र निराळा आहे. शाहनवाज समिती (१९५६) व खोसला आयोग (१९७४) यांनी अपघाती मृत्यू मान्य केला; मुखर्जी आयोगाने २००५ मध्ये तो नाकारला आणि शासनाने २००६ मध्ये या आयोगाचा निष्कर्ष अमान्य केला.

सारांश, प्रेक्षकमत हे नेताजींच्या चरित्राचे साधन नव्हे. ते समाजाच्या स्मृतीचे साधन आहे. इतिहासाच्या अध्यापकाने चित्रपट वर्गात जरूर दाखवावा. परंतु श्रद्धेतून आलेली शंका आणि कागदपत्रांतून उद्भवलेली शंका यांतील भेद विद्यार्थ्यांना प्रथम शिकवावा.