उन्माद आणि विषाद : एका व्याधीचा शोध

मनुष्य अतिशय उल्हसित दिसावा आणि तरीही तो आजारी असावा, ही गोष्ट सामान्य बुद्धीला चटकन पटत नाही. दुःखावर उपाय हवा हे सर्वांना मान्य असते; हर्षावरही कधी उपाय करावा लागतो, हे समजायला मात्र फार काळ जावा लागला. आज ज्या विकाराला द्विध्रुवीय मनोविकार अथवा बायपोलर डिसऑर्डर म्हणतात, त्याचा इतिहास हा या समजुतीचा इतिहास आहे.

या विकारात मनाची भरती-ओहोटी नेहमीच्या मर्यादा ओलांडते. उन्मादाच्या काळात झोपेची गरज वाटेनाशी होते, विचार धावू लागतात, बोलणे थांबत नाही. आपल्याला अशक्य असे काहीच नाही, या भरात मनुष्य पैसा, प्रतिष्ठा आणि नातीगोती पणाला लावून बसतो. विषादाच्या काळात त्याच मनुष्याला अंथरुणातून उठणे जड जाते आणि जगणे नकोसे होते. या अवस्था घटकाभराच्या नसतात. त्या आठवडेच्या आठवडे, प्रसंगी महिनेच्या महिने टिकतात. मधल्या काळात मात्र तो पुष्कळदा पूर्वीसारखाच असतो.

प्राचीन ग्रीक वैद्यांना या दोन्ही अवस्था ठाऊक होत्या. काळ्या पित्ताच्या प्रकोपाने विषाद जडतो, असे हिपोक्रेटिसच्या परंपरेचे मत होते. इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांत होऊन गेलेल्या कॅपाडोशियाच्या अ‍ॅरिटियसने तर विषादाचा रोगी पुढे उन्मादाकडे वळतो, असेही नोंदवून ठेवले होते. तथापि पुढील वैद्यकाने हे दोन बहुधा वेगळे रोगच मानले. त्याचे कारण उघड आहे. वैद्यापुढे रोगी येतो तो एखाद्या दिवसापुरता. आणि त्या दिवशी तो एक तर हसत असतो, नाही तर रडत असतो.

हे कोडे सुटण्यासाठी रोग्यांना वर्षानुवर्षे पाहण्याची सोय हवी होती. पॅरिसच्या साल्पेट्रिएर रुग्णालयात ती होती. तेथील झाँ-पिएर फाल्रे यांनी १८५१ साली या विकाराला ‘वर्तुळाकार वेड’ असे नाव दिले. उन्माद, विषाद आणि त्यांमधील शुद्धीचा काळ हे एकाच चक्राचे भाग आहेत, असे त्यांचे प्रतिपादन होते. त्यांचेच समकालीन झ्यूल बायारझे यांनी १८५४ साली ‘दुहेरी रूपाचे वेड’ या नावाने बहुतांशी हाच विचार मांडला. शोधाचा मान कोणाचा, यावरून दोघांत वादही झडला. पण एका रोगाची ही दोन मुखे आहेत, हे दोघांनीही ओळखले होते.

पुढचे पाऊल जर्मनीत पडले. हायडेलबर्गचे प्राध्यापक एमिल क्रेपेलिन प्रत्येक रोग्याची माहिती स्वतंत्र कार्डावर टिपून ठेवीत आणि पुढे त्याचे काय झाले याचा मागोवा घेत. १८९९ साली त्यांनी आपल्या पाठ्यग्रंथाच्या सहाव्या आवृत्तीत उन्माद-विषादाचा विकार बुद्धीचा ऱ्हास घडवणाऱ्या दुसऱ्या गंभीर मनोविकारापासून वेगळा केला. या विकाराचे झटके पुनःपुन्हा आले तरी बुद्धी सहसा नष्ट होत नाही, हा त्यांचा निष्कर्ष रोग्यांना व त्यांच्या आप्तांना मोठा दिलासा देणारा होता.

परंतु ज्ञानाचा उपयोग नेहमी दिलाशासाठीच होतो असे नाही. हा विकार काही घराण्यांत अधिक आढळतो, हे निरीक्षण खरे होते. नाझी राजवटीने १९३३ साली आनुवंशिक रोग्यांच्या सक्तीच्या नसबंदीचा कायदा केला, तेव्हा त्या यादीत या विकाराचे नाव घातले. ज्या नावाने रोग्याला आशा दिली होती, तेच नाव त्याच्यावरील आरोपपत्र झाले.

औषध सापडले ते दूरच्या ऑस्ट्रेलियात. जपान्यांच्या युद्धकैदेतून परतलेले डॉ. जॉन केड मेलबर्नजवळच्या एका रुग्णालयात काम करीत होते. उन्मादाचे मूळ शरीरातील एखाद्या विषारी द्रव्यात असावे, या तर्काने गिनीपिगांवर प्रयोग करताना लिथियमच्या क्षाराने ते प्राणी शांत झालेले त्यांना दिसले. १९४९ साली त्यांनी दहा उन्मादग्रस्तांवरील उपचारांचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. मूळ तर्क टिकला नाही. औषध मात्र टिकले. मात्रा चुकली तर ते जिवावर बेतते, म्हणून ते स्वीकारले जाण्यास वेळ लागला. डेन्मार्कच्या मोगेन्स शौ यांनी १९५४ पासून केलेल्या चिकाटीच्या चाचण्यांनी त्याचा गुण सिद्ध झाला. आजही हे औषध घेणाऱ्याच्या रक्तातील लिथियमचे प्रमाण वेळोवेळी तपासावे लागते. आणि आजही ते झटके टाळण्याचे एक प्रमुख साधन आहे.

१९८० साली अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या अधिकृत वर्गीकरणात ‘बायपोलर’ हे नाव रूढ झाले. व्याधीच्या नावातून ‘वेड’ गेले, ही बाब लहान नव्हे.

भारतात १९१२ चा कायदा रोग्याला ‘वेडा’ म्हणूनच ओळखत होता. त्याची जागा १९८७ च्या कायद्याने घेतली आणि त्यानंतर २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा आला. पूर्वी उपचार घेतले होते, एवढ्याच कारणावरून कोणाला आज मनोरुग्ण ठरवता येणार नाही, असे हा कायदा सांगतो. आपण आजारी पडलो तर कोणते उपचार व्हावेत आणि कोणते होऊ नयेत, हे आधीच लिहून ठेवण्याचा हक्कही तो देतो. या विकाराच्या रोग्याला त्या हक्काचे मोल विशेष आहे. कारण शुद्धीच्या काळातील त्याचे शब्द हे त्याचे स्वतःचे शब्द असतात.

फाल्रेंनी चक्रातील ज्या शुद्धीच्या काळाकडे लक्ष वेधले होते, त्याला कायद्याच्या पुस्तकात स्थान मिळण्यास दीडशेहून अधिक वर्षे लागली. समाजाच्या मनात ते मिळणे अद्याप बाकी आहे. एका दिवसावरून हा रोग ओळखता येत नाही. मग एका झटक्यावरून माणूस तरी कसा ओळखावा?