हार्ड डिस्क, बाबासाहेबांची हस्तलिखितं आणि आपण

गेल्या पावसाळ्यात कोल्हापुरातल्या आमच्या कार्यालयाचा जुना संगणक बंद पडला. वस्त्यांमध्ये दारोदार फिरून गोळा केलेल्या जातीच्या दाखल्यांच्या आणि शिष्यवृत्तीच्या नोंदी त्यात होत्या. सगळे हळहळले, "डेटा गेला!" पण गेला होता संगणक, डिस्क शाबूत होती. ती काढून आधी तिची हुबेहूब प्रत घेतली, मूळ डिस्कवर एक अक्षरही लिहिलं नाही. मायएसक्यूएलचा संपूर्ण डेटा फोल्डर, आयबीडेटा आणि लॉग फायलींसकट, त्याच आवृत्तीच्या दुसऱ्या सर्व्हरवर ठेवला आणि नोंदी उघडल्या. नुसती तक्त्यांची फोल्डरं उचलली असती, तर नोंदी इतक्या सहज उघडल्या नसत्या.

मित्रांनो, आपल्या चळवळीने हे काम याआधीही केलं आहे, कागदावर. ६ डिसेंबर १९५६ ला बाबासाहेब गेले. त्यांची अप्रकाशित हस्तलिखितं कित्येक वर्षं पेट्यांमध्ये पडून होती. १९७६ साली महाराष्ट्र शासनाने प्रकाशन समिती नेमली. वसंत मून यांनी त्या कामात आयुष्य ओतलं. पहिला खंड १४ एप्रिल १९७९ ला आला, म्हणजे बावीस वर्षांहून अधिक काळाने! 'रिडल्स इन हिंदुइझम'ची प्रकरणं वेगवेगळ्या फायलींतून जुळवावी लागली. ते १९८७ साली छापलं गेलं. एकसंध प्रत हाताशी असती, तर ही जुळवाजुळव करावी लागली असती का?

उलट उदाहरण आपल्याच कोल्हापूरचं. २६ जुलै १९०२ चा ५० टक्के आरक्षणाचा शाहू महाराजांचा आदेश करवीर सरकारच्या गॅझेटमध्ये छापला गेला. छापलेल्या अंकाच्या प्रती अनेक हातांत जातात. म्हणून आज कुणी "असा आदेश नव्हताच" म्हटलं, तर आपण तारखेसकट उत्तर देतो.

कुणी म्हणेल, जपणूक हे सरकारचं काम आहे. ते आहेच, आणि ते मागितलंच पाहिजे. पण सरकारची वाट पाहण्यात काय जातं, हे त्या बावीस वर्षांनी दाखवलं आहे. ज्यांच्याकडे पुरावा नाही, त्यांचा अन्याय कागदोपत्री घडतच नाही.

म्हणून मंडळाच्या, विहाराच्या, सर्वेक्षणाच्या नोंदींच्या तीन प्रती ठेवा. त्यातली एक दुसऱ्या गावी ठेवा. माहिती माणसांची खासगी आहे, तेव्हा प्रतींना पासवर्ड लावा. आणि महिन्यातून एकदा प्रत उघडून पाहा. न उघडणारी प्रत ही प्रत नव्हे.

जयभीम!