चपला बाहेर काढून : शाळेतील संगणकाचा चाळीस वर्षांचा मागोवा

आमच्या पिढीतील अनेकांनी संगणक प्रथम पाहिला तो चपला बाहेर काढून. एरवी सरस्वतीपूजनाच्या दिवशी पाळले जाणारे सोवळे त्या एका खोलीत वर्षभर पाळले जाई. खिडक्यांना जाड पडदे, यंत्रांवर कापडी अभ्रे, आणि शाळेतले एकमेव वातानुकूलन, तेही माणसांसाठी नव्हे, यंत्रांसाठी. एका यंत्रापुढे चौघे बसत. कळफलकावर हात ठेवण्याचा मान त्यांतील एकालाच मिळे आणि तो एक बहुधा मुलगाच असे. तासाचा बराचसा वेळ फळ्यावरची आकृती वहीत उतरवण्यात जाई. परीक्षेत 'संगणकाचे कोणतेही पाच उपयोग लिहा' असा प्रश्न येई. आम्ही पाचही उपयोग लिहीत असू. त्यांपैकी एकही आम्ही केलेला नसे.

या आठवणीत गंमत आहे. पण केवळ गंमत म्हणून ती सोडून देता येत नाही. शाळेत संगणक शिकवायचा म्हणजे नेमके काय शिकवायचे, हा प्रश्न तीत दडलेला आहे. तो वापरायला शिकवायचे, त्याचे अंतरंग समजावून द्यायचे, की त्याच्या साहाय्याने काही नवे घडवायला शिकवायचे? या तिन्ही गोष्टी एकच आहेत असे आपण गृहीत धरतो. इतिहास मात्र वेगळेच सांगतो. या मागोव्यासाठी आम्ही इंग्लंडचे उदाहरण घेत आहोत. तेथे तिन्ही उत्तरे पाळीपाळीने देऊन पाहिली गेली, हे एक कारण. आणि भारतीय शाळांत सरकारी योजनेतून आलेले पहिले संगणक त्याच घराण्यातले होते, हे दुसरे.

१९७८ साली बीबीसीच्या 'होरायझन' या मालिकेत सूक्ष्मप्रक्रियकांवर एक माहितीपट दाखवण्यात आला. ही इवलीशी चकती उद्या किती जणांचा रोजगार हिरावून घेईल, असा त्याचा रोख होता. त्यातून उसळलेल्या चिंतेची परिणती 'संगणक साक्षरता प्रकल्पा'त झाली. दूरचित्रवाणीवर कार्यक्रम, सोबत पुस्तक, आणि कार्यक्रमात दाखवलेले घरी वा शाळेत करून पाहता यावे म्हणून एक संगणक, अशी ती त्रिविध योजना होती. संगणकाचे कंत्राट केंब्रिजच्या एकॉर्न या छोट्या कंपनीस मिळाले. १९८१ च्या अखेरीस 'बीबीसी मायक्रो' बाजारात आला आणि जानेवारी १९८२ मध्ये कार्यक्रम सुरू झाला. सुमारे १२,००० यंत्रे खपतील असा प्रारंभीचा अंदाज होता. कालांतराने खप १५ लाखांच्या आसपास गेला. प्रत्येक माध्यमिक शाळेत निदान एक संगणक असावा म्हणून ब्रिटिश सरकारने यंत्राची निम्मी किंमत उचलली आणि शिक्षकांच्या प्रशिक्षणासाठी स्वतंत्र कार्यक्रम राबवला.

या यंत्राची स्मृती आजच्या मानाने हास्यास्पद होती : थोरल्या प्रतिकृतीत अवघी ३२ किलोबाइट. पण कळ दाबताच पडद्यावर अवतरणारी गोष्ट महत्त्वाची होती. तेथे चित्रांची मांडणी नव्हती, निवडायचे पर्याय नव्हते. होती फक्त आज्ञेची वाट पाहणारी एक रेघ. सोफी विल्सन यांनी या यंत्रासाठी बेसिक भाषेचे एक सुघड रूप तयार केले होते. दोन ओळींची आज्ञावली लिहून स्वतःचे नाव पडद्यावर अखंड धावत ठेवणे हा त्या काळच्या मुलांचा पहिला पराक्रम, आणि दुकानात मांडलेल्या संगणकांवर तो करून पळ काढणे हा दुसरा. यंत्र वापरायचे तर त्याला काहीतरी सांगावेच लागे. वापरणे आणि घडवणे यांत भिंत नव्हती; कारण तयार गोष्टी फारशा उपलब्धच नव्हत्या. हे श्रेय पुष्कळदा शिक्षणदृष्टीला दिले जाते. आमच्या मते त्यात टंचाईचाही मोठा वाटा होता.

दृष्टी अर्थात होतीच. पण तिचा उगम अमेरिकेतील केंब्रिजमध्ये होता. तेथे १९६७ साली वॉली फ्युअरझाइग, सेमूर पॅपर्ट आणि सिंथिया सॉलोमन यांनी मुलांसाठी 'लोगो' ही भाषा निर्माण केली. पॅपर्ट हे जिनिव्हात पियाजेंच्या सहवासात राहिलेले गणितज्ञ. कासवाला 'पुढे जा', 'उजवीकडे वळ' अशा आज्ञा देत मूल चौकोन काढते, वर्तुळ काढते. चुकले की स्वतः कासव होऊन जमिनीवर चालून पाहते आणि चूक शोधते. १९८० साली प्रसिद्ध झालेल्या 'माइंडस्टॉर्म्स'मध्ये पॅपर्ट यांनी आग्रहाने मांडले की यंत्राने मुलाला घडवण्यापेक्षा मुलाने यंत्राला घडवावे. संगणक त्यांना विषय म्हणून अभिप्रेत नव्हता. विचार करण्याची माती म्हणून होता.

या मातीतून शाळांनी काय घडवले, याचे सर्वांत विलक्षण उदाहरण 'डूम्सडे प्रकल्पा'चे आहे. विल्यम राजाने करवलेल्या १०८६ च्या महसुली पाहणीच्या नोंदवहीला १९८६ मध्ये ९०० वर्षे होणार होती. त्या निमित्ताने बीबीसीने देशाची नवी नोंदवही तयार करण्याचे ठरवले. ती नोंदवणार होती मुख्यतः शाळकरी मुले. देशाचे ४ किलोमीटर गुणिले ३ किलोमीटर असे तुकडे पाडण्यात आले आणि ते शाळांना वाटून देण्यात आले. प्रत्येक तुकड्यासाठी मुलांनी काही पाने मजकूर व तीन छायाचित्रे द्यायची होती. गावात दुकाने किती, लोक कशावर पोट भरतात, संध्याकाळी काय करतात, शाळेत मधल्या सुट्टीत काय खातात, हे सारे त्यांनी लिहिले व संगणकावर टंकले. सहभागी झालेल्यांची संख्या दहा लाखांवर गेली. इतिहासकारांना जे हाती लागत नाही ते, म्हणजे सामान्य दिवसाचे वर्णन, मुलांनी सहजगत्या करून ठेवले.

पुढची कथा मात्र उदास करणारी आहे. हे सारे एका विशिष्ट प्रकारच्या लेसर चकतीवर साठवले होते. ती वाचणाऱ्या संचाची किंमत ५,००० पौंडांच्या घरात असल्याने, ज्यांनी ते लिहिले त्यांच्यापैकी अनेक शाळांनाच तो परवडला नाही. पंधरा वर्षांत ते तंत्रज्ञान अस्तंगत झाले. लंडनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात १०८६ ची मूळ वही वाचता येत होती आणि १९८६ ची वाचता येत नव्हती. २००२ मध्ये लीड्स व मिशिगन विद्यापीठांच्या संशोधकांनी जुन्या यंत्राची नक्कल नव्या यंत्रावर उभारून तो मजकूर पुन्हा जिवंत करून दाखवला. २०११ मध्ये त्यातील मुलांनी लिहिलेला भाग सर्वांसाठी महाजालावर आला. या प्रसंगाचा दाखला विदा-जतनाच्या संदर्भात नेहमी दिला जातो. शिक्षणाच्या संदर्भात तो क्वचितच दिला जातो, याचे आम्हांस नवल वाटते. त्या मुलांना संगणकशास्त्र कोणी शिकवले नव्हते. त्यांना सांगण्यासारखे काहीतरी देण्यात आले होते, आणि सांगण्याचे साधन म्हणून संगणक आला होता.

हेच बीबीसी मायक्रो १९८४-८५ मध्ये भारतात आले. 'क्लास' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या केंद्रीय योजनेत प्रारंभी सुमारे २५० माध्यमिक व उच्च माध्यमिक शाळा निवडण्यात आल्या. १९९०-९१ पर्यंत हा आकडा २,५९८ वर गेला. यंत्र तेच होते, पण त्याच्याभोवतीचे जग आले नाही. इंग्लंडमध्ये त्या यंत्रामागे दूरचित्रवाणीची मालिका होती, मासिके होती, घरातले दुसरे यंत्र होते आणि शनिवारची मोकळी दुपार होती. येथे होता आठवड्याचा एखादा तास, कुलूप आणि नोंदवही. यंत्र बिघडले तर जबाबदार कोण, या भीतीने ते कमी वापरले जाई. १९९३ नंतर योजनेत वैयक्तिक संगणक आले, २००४ च्या डिसेंबरात माहिती व संप्रेषण तंत्रज्ञानाची नवी केंद्रीय योजना आली. यंत्रे बदलली, चपला मात्र बराच काळ बाहेरच राहिल्या.

महाराष्ट्रात या कथेला दोन फाटे फुटले. एक अकरावी-बारावीच्या द्विलक्ष्यी अभ्यासक्रमाचा. २०० गुणांचा संगणकशास्त्र हा विषय घेणाऱ्या विद्यार्थ्याने द्वितीय भाषा व आणखी एक विषय सोडायचा, अशी ती व्यवस्था. त्यात ८०८५ या सूक्ष्मप्रक्रियकाची अंतर्रचना होती, सी प्लस प्लस होती, आणि गुण भरघोस मिळत. इंग्रजी अनिवार्य असल्याने सुटणारी भाषा पुष्कळांच्या बाबतीत मराठी असे. संगणक शिकण्याची किंमत आपण भाषेच्या रूपाने मोजली, आणि त्याविषयी आपल्या साहित्यव्यवहारात फारशी हळहळ उमटलेली आम्हांस आठवत नाही. दुसरा फाटा २००१ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र ज्ञान महामंडळाच्या एमएस-सीआयटी अभ्यासक्रमाचा. त्याची थट्टा करण्याची सुशिक्षितांत पद्धत आहे. आम्ही ती करणार नाही. तालुक्याच्या गावातील लाखो मुलामुलींनी, गृहिणींनी आणि कारकुनांनी माऊसला पहिल्यांदा हात लावला तो तेथे. ते शिक्षण वापराचे होते, घडवण्याचे नव्हते; पण कळफलकापासून रोखलेला हात त्यावर ठेवू देणे हीसुद्धा लहान गोष्ट नव्हे.

इंग्लंडही दरम्यान वापराकडेच झुकले होते. १९९० च्या दशकापासून अभ्यासक्रमात रुळलेला 'माहिती तंत्रज्ञान' हा विषय हळूहळू पत्र टंकणे, तक्ते मांडणे आणि सादरीकरणे बनवणे यांत रुतत गेला. २०११ च्या ऑगस्टमध्ये गूगलचे एरिक श्मिट यांनी एडिंबरा येथील व्याख्यानात, ज्या देशाने संगणक घडवले त्याच्या शाळांत संगणकशास्त्र सर्रास शिकवले जात नाही, याबद्दल जाहीर आश्चर्य व्यक्त केले. जानेवारी २०१२ मध्ये रॉयल सोसायटीच्या अहवालाने त्या विषयाचे तीन भाग करावेत असे सुचवले : अंकीय साक्षरता, माहिती तंत्रज्ञान आणि संगणकशास्त्र. त्याच महिन्यात शिक्षणमंत्री मायकेल गोव्ह यांनी जुना अभ्यासक्रम मागे घेण्याची घोषणा केली. सप्टेंबर २०१४ पासून पाच वर्षांच्या मुलांपासून सर्वांना 'संगणन' लागू झाले. रास्पबेरी पाय हा पत्त्याच्या आकाराचा स्वस्त संगणक २०१२ मध्ये आला; २०१६ मध्ये बीबीसीने 'मायक्रो:बिट' शाळकरी मुलांना फुकट वाटला. १९८२ परतल्याचा भास होत होता.

पण अहवालातील तीन धाग्यांपैकी सोळाव्या वर्षीच्या परीक्षेत खऱ्या अर्थाने एकच उरला. माहिती तंत्रज्ञानाची परीक्षा २०१८ पर्यंत बंद झाली आणि संगणकशास्त्राची राहिली. रॉयल सोसायटीनेच २०१७ मध्ये पुन्हा पाहणी केली तेव्हा असे आढळले की इंग्लंडमधील ५४ टक्के शाळांत ती परीक्षा देण्याची सोयच नव्हती, आणि ती देणाऱ्यांत मुलींचे प्रमाण २० टक्क्यांच्या आसपास होते. बंद पडलेल्या विषयात मुलींचे प्रमाण याहून पुष्कळ अधिक होते. त्या विषयाला सोपा, कारकुनी म्हणून हिणवले गेले. पण चित्र, ध्वनी, चलच्चित्र व मजकूर जुळवून काही मांडण्याची जागा त्यातच होती. ती जागा गेली तेव्हा तेथे बसलेल्या मुली शेजारच्या वर्गात गेल्या नाहीत. त्या निघून गेल्या. अखेर नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासक्रम-पुनरावलोकनाने संगणकशास्त्राच्या परीक्षेऐवजी अधिक व्यापक 'संगणन' परीक्षा असावी अशी शिफारस केली. लंबक पुन्हा हलला आहे.

आपल्याकडे २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने सहावीपासून आज्ञावली-लेखनाचा पुरस्कार केला आहे. तो करताना इंग्लंडची ही येरझार लक्षात घ्यावी असे आम्हांस वाटते. वापर शिकवला म्हणून तेथील पिढी बिघडली नाही, आणि शास्त्र शिकवले म्हणून आपोआप सुधारलीही नाही. बिघाड झाला तो तिन्हींपैकी एकच म्हणजे संगणकशिक्षण, असे मानल्याने. शेजारच्या उदाहरणासाठी फार लांब जाण्याची गरज नाही. केरळात २००१ मध्ये सुरू झालेल्या 'आयटी@स्कूल' प्रकल्पाने मुक्त प्रणाली स्वीकारली, शिक्षक घडवले, आणि 'स्कूल विकी'वर शाळांनी आपल्या शाळेचा व गावाचा इतिहास मल्याळममध्ये लिहिला. डूम्सडेची कल्पना तेथे, नकळत का होईना, पुन्हा उगवली आणि या वेळी ती बंद चकतीत अडकली नाही.

मराठी शाळेतील आठवीच्या वर्गाला आज हे अशक्य नाही. युनिकोडमुळे देवनागरी कोणत्याही यंत्रावर उमटते, खोलीला वातानुकूलन लागत नाही. गावच्या विहिरी, बंद पडलेली गिरणी, आजीच्या तोंडची ओवी, बाजाराच्या दिवशीचे आवाज, हे मुलांनी नोंदवावे. त्याची पाने रचावीत. ती रचताना आज्ञावली लागलीच तर शिकावी, कारण मग ती कशासाठी हे ठाऊक असेल. आणि चौघांपुढे एकच कळफलक असेल, तर त्यावर पहिला हात कोणाचा पडतो, याकडे शिक्षकांनी लक्ष ठेवावे. आमच्या वर्गात ते कोणी ठेवले नाही. त्या खोलीत आमच्या शेजारी बसून चार वर्षे नुसती पाहत राहिलेल्या मुली आज कोठे आहेत, त्यांना त्या यंत्राला काय सांगायचे होते, हे आम्ही तेव्हा विचारले नाही.