करवीर नगरीचीं तळीं, मैदानें आणि बागा

जुन्या नगराचें वर्णन करतांना त्यांतील वाडे, देवळें आणि बाजारपेठा यांचा उल्लेख हटकून होतो. नगरांत जी जागा मोकळी राहिली तिचा इतिहास मात्र सहसा कोणी लिहीत नाहीं. वास्तविक घरांच्या दाटींतून एखादें तळें, एखादें मैदान किंवा चार जुने वृक्ष शेंदीडशें वर्षें टिकून राहतात, ही कांहीं आपोआप घडणारी गोष्ट नव्हे. त्यामागें कोणाची तरी दृष्टि असते आणि अनेकांची नित्याची गरज असते. कोल्हापूरचा इतिहास या दृष्टीनें पाहण्यासारखा आहे.

वृक्षांविषयींची अशी दृष्टि या राज्याच्या आरंभकाळींच दिसून येते. रामचंद्रपंत अमात्यांचें ‘आज्ञापत्र’ सुमारें १७१५ सालचें. तें कोल्हापूरच्या गादीसाठीं सिद्ध झालें. आरमारासाठीं लांकूड हवें असतें, तें कोठून व कसें आणावें याचा विचार त्यांत आहे. रयतेच्या आंब्याफणसांच्या झाडांना मात्र हात लावूं नये, असें अमात्य बजावतात. त्यांचें कारण मार्मिक आहे. हीं झाडें वर्षादोन वर्षांत होत नाहींत. रयतेनें तीं लेंकरांप्रमाणें वाढविलेलीं असतात. एखादें झाड जीर्ण होऊन उपयोगाचें राहिलें नसेल, तरच धन्याला राजी करून व मोल देऊन तें घ्यावें. वृक्षाची खरी किंमत त्याच्या लांकडांत नसून तो वाढण्यास लागलेल्या काळांत आहे, हा सिद्धांत तीनशें वर्षांपूर्वीं येथें लिहिला गेला.

पुढें १७८२ सालीं राजधानी पन्हाळ्याहून कोल्हापुरास आली आणि पेठा वाढूं लागल्या. त्या काळचें कोल्हापूर म्हणजे तळ्यांचें गांव. रंकाळा, कोटितीर्थ, कपिलतीर्थ, वरुणतीर्थ अशीं कितीतरी तळीं गांवांत व गांवाभोंवतीं होतीं. रंकाळ्याच्या जागीं मुळांत दगडाची खाण होती, असें परंपरा सांगते. या तळ्यांचा उपयोग केवळ तीर्थस्नानापुरता नव्हता. पावसाळ्यांत उंचावरून येणारें पाणी तीं पोटांत घेत, उन्हाळ्यांत तेंच पाणी भोंवतालच्या जमिनींत मुरून विहिरींना पुरवीत आणि कांठच्या वृक्षांना ओलावा देत. पाण्याची व पानांवाटे निघणारी वाफ भोंवतालची उष्णता शोषून घेते. म्हणून तळ्याकांठचा वारा सुखद लागतो.

पुढें वस्ती वाढली, नळाचें पाणी आलें आणि तळ्यांचें प्रयोजन सरलें. प्रयोजन सरलें कीं जागेवर दुसऱ्यांची दृष्टि जाते. कपिलतीर्थ बुजलें व त्या ठिकाणीं भाजीची मंडई भरूं लागली. वरुणतीर्थाचें मैदान झालें. तेंच आजचें गांधी मैदान. येथें एक गोष्ट ध्यानांत घेण्यासारखी आहे. दांडगा पाऊस झाला म्हणजे या मैदानावर पाणी सांचतें आणि जुनें तळें पुन्हां दिसूं लागतें. मनुष्यानें नकाशा बदलला, तरी उताराची जमीन आपली वाट विसरत नाहीं.

एकोणिसाव्या शतकांत मोकळ्या जागेविषयींचा एक नवा विचार जगांत रूढ झाला. गिरण्यांच्या धुरानें कोंदलेल्या इंग्लंडांत, लिव्हरपूलसमोरच्या बर्कनहेड गांवीं, नगराच्या पैशानें सर्वांसाठीं उभारलेली बाग १८४७ सालीं खुली झाली. न्यूयॉर्कच्या सुप्रसिद्ध सेंट्रल पार्कच्या रचनाकारानें ती पाहून स्फूर्ति घेतली. बाग ही राजेरजवाड्यांची चैन नसून सामान्य नागरिकाच्या आरोग्याची गरज आहे, हा तो विचार होय. कोल्हापुरांत त्या सुमारास टाऊन हॉल उभा राहिला. चार्ल्स मँट या स्थापत्यकारानें आंखलेली ही इमारत १८७२ ते १८७६ या काळांत बांधली गेली. १९४९ पासून तींत वस्तुसंग्रहालय आहे. इमारतीइतकीच मोलाची तिच्या भोंवतालची बाग. तेथील उंच, जुन्या वृक्षांची सावली भर मध्यान्हींही रस्त्यावरील उन्हाचा विसर पाडते.

या बागेच्या समोरच शहराचें मोठें सार्वजनिक रुग्णालय आहे. रोग्यांचे नातेवाईक याच सावलींत घटकाभर विसावतात, शिदोरी सोडतात, काळजीचा भार जरा हलका करतात. या शेजाराचा अर्थ विज्ञानानें पुढें स्पष्ट केला. रॉजर उलरिख या संशोधकानें अमेरिकेंतील एका रुग्णालयांतल्या ४६ रोग्यांच्या नोंदी तपासल्या. सर्वांवर पित्ताशयाची एकच शस्त्रक्रिया झालेली होती. निम्म्यांच्या खिडकींतून झाडें दिसत, निम्म्यांच्या खिडकींतून विटांची भिंत. ज्यांना झाडें दिसत ते लवकर घरीं गेले आणि त्यांना वेदनाशामक तीव्र औषधें कमी लागलीं. हें संशोधन १९८४ सालीं प्रसिद्ध झालें. नातेवाइकांना मात्र या सावलीचा गुण त्याच्या कितीतरी आधींपासून ठाऊक होता.

शतकाच्या अखेरीस प्लेग आला आणि दाट वस्तींतील कोंदट घरें किती घातक, हें लोकांना प्रत्यक्ष कळलें. शाहू छत्रपतींनीं लोकांना गांवाबाहेर मोकळ्या रानांत झोंपड्या घालून राहावयास लावलें. पुढें १९०२ सालीं महाराज युरोपांत गेले. रोम येथील प्राचीन क्रीडागार पाहून आल्यावर त्यांनीं कोल्हापुरांत कुस्तीचें भव्य मैदान बांधविलें. तें १९१२ सालीं पुरें झालें. त्याचें नांव खासबाग. एके काळीं खाशांच्या बागेची ओळख सांगणारें हें नांव हजारों प्रेक्षकांच्या मुखीं बसलें, यांतच काळाचा पालट दिसून येतो. हें मैदान आजही राहिलें आहे, कारण तेथें तांबड्या मातीचा हौदा आहे आणि त्या मातीवर प्रेम करणारे लोक आहेत.

स्वातंत्र्यानंतरचें सर्वांत मोठें उदाहरण शिवाजी विद्यापीठाचें. राष्ट्रपति डॉ. राधाकृष्णन् यांच्या हस्तें १८ नोव्हेंबर १९६२ रोजीं त्याचें उद्घाटन झालें. शहराच्या पूर्वेस ८५३ एकरांचा माळ विद्यापीठास मिळाला. पहिले कुलगुरु डॉ. आप्पासाहेब पवार यांच्या काळापासून तेथें वृक्ष लावले गेले, पाणी अडविलें गेलें, आणि उघड्या माळाचें उपवन झालें. पहांटे तेथें फिरावयास जाणाऱ्या नागरिकांत कित्येकांनीं विद्यापीठाची पायरीही चढलेली नसते. तथापि त्या विद्येच्या छायेचा लाभ त्यांनाही मिळतो.

हा लाभ केवळ सौंदर्याचा नाहीं. पंचगंगेची धोक्याची पातळी राजाराम बंधाऱ्यापाशीं ४३ फूट धरली जाते. २०१९ आणि २०२१ या दोन्ही वर्षीं पुराचें पाणी ५५ फुटांच्या वर गेलें. अशा महापुराचीं कारणें अनेक, आणि बागा लावून तो थांबेल असें कोणी म्हणणार नाहीं. पण पाणी मुरण्याच्या व पसरण्याच्या जागा जितक्या बुजतील, तितकें तें घरांत शिरणार, हें निश्चित. रंकाळ्यांत सांडपाणी व जलपर्णी यांनीं जो उपद्रव मांडला, त्यानेंही हेंच शिकविलें कीं तळें नुसतें राखून भागत नाहीं, तें निर्मळही राखावें लागतें. महाराष्ट्रांत नागरी वृक्षांच्या रक्षणासाठीं १९७५ सालीं कायदा झाला आणि २०२१ सालच्या दुरुस्तीनें पन्नास वर्षांवरील वृक्षांना वारसा-वृक्षाचें स्थान मिळालें.

कायदा वृक्षाचें वय मोजूं शकतो. त्याच्यावर माया लावणें हें नागरिकांचेंच काम. करवीरच्या इतिहासाचें तात्पर्य एवढेंच कीं, ज्या मोकळ्या जागेशीं लोकांचा नित्याचा संबंध राहिला ती वांचली. ज्या जागेकडे लोकांनीं पाठ फिरविली ती गेली. मंडईच्या गजबजाटांत उभें राहून येथें एके काळीं तळें होतें हें आठवणारे दिवसेंदिवस विरळ होत जातील. जीं तळीं, जीं मैदानें आणि ज्या बागा आज शिल्लक आहेत, त्यांविषयीं असें आठवण्याची वेळ पुढच्या पिढीवर येऊं न देणें, हें आजच्या नगरवासीयांच्या हातीं आहे.